समुद्राची सत्यप्रत

परमेश्वरानं जिल्ह्यांना निसर्गाचं वाटप केलं, तेव्हा कोकणातली मंडळी पहाटेपासून रांगेत उभी असणार. त्यांना समुद्र मिळाला, माड मिळाले, हापूस मिळाला आणि शिवाय या सगळ्याबद्दल तक्रार करण्याची कलाही मिळाली. आमचा जालन्याचा माणूस पोचला तेव्हा काउंटर बंद व्हायची वेळ झाली होती. "समुद्र संपला," आतून उत्तर आलं. "गोदावरी आहे थोडी शिल्लक. तीही दक्षिणेच्या हद्दीवरून जाईल, आत येणार नाही. सही करा इथं." आमच्या माणसानं सही केली. कागदावर एकदा सही झाली की पुढं काही करता येत नाही, हे आम्हा बँकवाल्यांइतकं कुणाला ठाऊक असणार!

तसं जालन्याला कमी काही नाही. 'जालना सोन्याचा पाळणा' अशी म्हणच आहे. पाळण्यातलं सोनं पुढं कुठं गेलं कुणास ठाऊक, पण आता त्याच्या जागी लोखंडाच्या सळया निघतात, बियाणं निघतं, आणि मोसंबी तर अशी, की रस प्यालेला माणूस ग्लास खाली ठेवताना हळहळतो. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळं होऊन आमचा स्वतंत्र जिल्हा झाला. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर फेऱ्या आल्या. समुद्र तेवढा चारशे किलोमीटरवरच राहिला. नाही म्हणायला १९७६ साली पैठणला जायकवाडीचं धरण झालं आणि सरकारनं त्याच्या पाण्याला 'नाथसागर' असं भरघोस नाव दिलं. भूगोलात नद्या सागराला मिळतात. आमच्याकडं सागरातून कालवा निघतो आणि उसाला मिळतो. त्या पाण्यावर सुरय नावाचे पांढरे-करडे, लांब पंखांचे पक्षी हवेतल्या हवेत थबकतात आणि धपकन पाण्यात सूर मारतात. त्यांची भाऊबंदकी खऱ्या समुद्रावर आहे. आमचा समुद्राशी नातेसंबंध हा असा, चुलतचुलत.

अशा जिल्ह्यातला एक वाणिज्य शाखेचा पदवीधर समुद्रावर, समुद्रपक्ष्यांवर आणि लाकडी ठशांनी केलेल्या रंगीत चित्रांवर लिहायला बसला, तर आमच्या सौ. म्हणाल्या तेच कुणीही म्हणेल : "तुमचा काय संबंध?" संबंध आहे. एक तर माझा सगळा जन्म ठसे मारण्यात गेला आहे. 'पेड', 'कॅन्सल्ड', 'ट्रान्सफर', 'सत्यप्रत'... रंग जांभळा, पण ठसा तो ठसा. दुसरं म्हणजे समुद्र आणि पक्षी ठशांनी छापणारा जगातला एक फार मोठा माणूस आमच्या या समुद्र नसलेल्या मुलखात येऊन गेला. त्याच्यापर्यंत पोचायला आधी थोडं लांबून जावं लागेल. आमच्याकडं कुठंही जायचं तर मनमाडवरून जावं लागतं, तसं.

ठशांची चित्रं म्हणजे काही परदेशी प्रकरण आहे असं समजू नका. तिसरीत असताना भेंडी आडवी कापून, रंगात बुडवून वहीवर तुम्हीही फुलं उमटवली आहेत. त्या दिवशी घरी भाजीत भेंड्या कमी पडल्या असतील. बटाटा अर्धा कापून त्यात चांदणी कोरली असेल. वारकऱ्यांच्या कपाळा-दंडावरच्या गोपीचंदनाच्या मुद्रा हे ठसेच. कापडावर लाकडी ठसे मारणारे रंगारी पिढ्यान् पिढ्या आपल्या गावागावांत होते. आजी ज्याला 'चीट' म्हणायची ते छापील फुलांचं कापड साहेबालाही इतकं आवडलं की कापड नेताना तो नावही घेऊन गेला. तेव्हा ठसा आपल्या घरचाच. मात्र या घरगुती भेंडीचा ज्यांनी ऐरावत केला, ते लोक जपानचे.

जपानात लाकडी ठशांनी काळ्या शाईत पोथ्या आणि चित्रं फार पूर्वीपासून छापत. पूर्ण रंगीत छपाईचा बहर आला १७६५ च्या सुमारास, आणि त्याला निमित्त झालं कॅलेंडरचं. तिथल्या हौशी श्रीमंतांना नववर्षाची चित्रमय कॅलेंडरं एकमेकांना भेट द्यायची लहर आली. सुझुकी हारुनोबू नावाच्या चित्रकारानं त्यासाठी अशी काही रंगीत चित्रं केली, की लोक त्यांना जरीकामाची उपमा देऊ लागले. भिंतीवरच्या कॅलेंडरचा कलेशी संबंध असतो हे दूधवाल्याचा हिशेब त्याच्यावर लिहिणाऱ्या आपल्या घरांना पटायला जड जाईल, पण इतिहास असा आहे.

आता ही छपाई कशी करतात ते ऐका. चित्रकार पातळ कागदावर रेषांचं चित्र काढून देतो. कोरीव काम करणारा तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवतो आणि रेषा तेवढ्या ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढतो. म्हणजे चित्रकारानं काढलेलं मूळ चित्र पहिल्याच दिवशी खलास! ही रेषांची मुख्य फळी. मग एकेका रंगासाठी एकेक भाग वेगळा कोरायचा. आकाशाचा निराळा, पाण्याचा निराळा, पक्ष्याच्या चोचीचा निराळा. छापणारा फळीवर पाण्यात कालवलेला रंग आणि भाताची खळ ब्रशानं फासतो, वर तुतीच्या जातीच्या सालीचा ओलसर कागद ठेवतो आणि बांबूच्या पानात गुंडाळलेली एक चपटी चकती त्याच्या पाठीवरून फिरवतो. यंत्र नाही, दाब द्यायला स्क्रू नाही. मनगट आणि खांदा, बस्स. एक रंग झाला की तोच कागद दुसऱ्या फळीवर, मग तिसऱ्या, मग दहाव्या.

यातली खरी मेख अशी, की दहाव्या फळीवरचा रंग नेमका आपल्याच जागी पडला पाहिजे. केसभर सरकला तर पक्ष्याची चोच डोक्याच्या मागून निघायची! त्यासाठी प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात काटकोनाची एक खाच आणि कडेला एक सरळ खाच ठेवतात. कागद त्या खाचांत टेकवला की झालं. या दोन खाचांना जपानीत 'केंतो' म्हणतात. इतकी साधी गोष्ट, पण सगळी रंगीत छपाई तिच्यावर उभी. तुमच्या खिशातली शंभराची नोट काढा. (नसेल तर राहू द्या, महिनाअखेर आहे.) डावीकडं एक आकडा अर्धामुर्धा छापलेला दिसेल. नोट उजेडात धरा. मागच्या बाजूचे तुकडे पुढच्या बाजूच्या तुकड्यांशी तंतोतंत जुळून आकडा पुरा होतो. आम्ही कॅशिअर लोक नोट वर करून बघतो ते देवाला हात जोडण्यासाठी नव्हे, हे जुळणं तपासण्यासाठी. जुळणी हाच खरेपणा. जपानी छापणाऱ्याला हे आमच्या आधी कळलेलं होतं.

या ठशांत समुद्र आला तो खऱ्या अर्थानं होकुसाईच्या हातून. हा गृहस्थ जन्मला १७६० साली आणि गेला १८४९ साली. आयुष्यात त्यानं तिसावर नावं बदलली आणि, म्हणतात, त्र्याण्णव घरं बदलली. असा खातेदार आमच्या शाखेत आला असता तर त्याचा केवायसी पुरा करता करता दोन मॅनेजर निवृत्त झाले असते. पण सत्तरीच्या आसपास, म्हणजे आपल्याकडं माणूस पेन्शनच्या थकबाकीखेरीज दुसरं काही बोलत नाही त्या वयात, १८३१ च्या सुमारास, त्यानं एक लाट काढली. वाघासारखे पंजे काढून उठलेली प्रचंड लाट, तिच्याखाली वाकलेल्या तीन होड्या, आणि दूर, चिमुकला, शांत फुजी पर्वत. लाटेचे तुषार असे, की ते पाण्याचे थेंब की उडालेल्या पक्ष्यांचा थवा, असा क्षणभर भास व्हावा. लाटांवरून उडणाऱ्या चिमुकल्या किनारपक्ष्यांची नक्षी जपान्यांच्या कपड्यांवर, भांड्यांवर शेकडो वर्षं आहेच. आपल्या लुगड्यावर जसा मोर, तशी.

त्या लाटेचा निळा रंग जपानचा नव्हेच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमधला एक रंगवाला लाल रंग करायला बसला होता. मसाल्यात काही भेसळ निघाली आणि लालऐवजी गर्द निळा रंग तयार झाला. पोह्यांत मीठ दोनदा पडलं तर आमच्याकडं घरात दोन दिवस अबोला होतो; त्या माणसाचं मात्र नाव झालं. हा रंग जहाजानं जपानात गेला, १८३० च्या सुमारास स्वस्त झाला, आणि जपानी त्याला 'बर्लिनची नीळ' अशा अर्थाच्या नावानं ओळखू लागले. तोवरच्या वनस्पतींच्या निळ्या उन्हात विटत. ही नीळ टिकली. म्हणजे लाट जपानची, नीळ जर्मनीची आणि वेड सगळ्या जगाचं!

आणि ही लाट काही राजवाड्यासाठी नव्हती. तिच्या हजारो प्रती निघाल्या, एकेक प्रत शेवयांच्या वाडग्याच्या किमतीला जायची. हमालानं, दुकानातल्या कारकुनानं एक वेळची भूक मारून समुद्र विकत घ्यावा, अशी ती सोय होती. आज तीच लाट कुठं आहे ठाऊक आहे? ३ जुलै २०२४ पासून जपानच्या हजार येनच्या नव्या नोटेच्या मागं. शेवयांच्या भावात विकलेलं चित्र शेवटी स्वतःच पैसा झालं. चक्रवाढ व्याजाचं याहून चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पक्ष्यांच्या ठशांत नाव काढलं ओहारा कोसन यानं (१८७७–१९४५). बगळे, कावळे, बदकं, पाण्यावरचे पक्षी... शेकडो चित्रं. या गृहस्थानंही कोसन, शोसन, होसन अशी तीन नावं वापरली. जपानी चित्रकारांना खातं उघडायचं नसावं, असा माझा संशय बळावत चालला आहे. पण त्याचा पक्षी बघावा. पंखातलं एकेक पीस लाकडात कोरलेलं, आणि पांढरा रंग बहुतेक ठिकाणी रंगच नव्हे. तो नुसता कोरा कागद! आजूबाजूचं आकाश छापलं की मधे उरतो तो पक्षी. टोकियो शहराचा अधिकृत पक्षी म्हणजे काळ्या डोक्याचा कुरव, आणि हाच कुरव हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर येतो. तिथले पर्यटक त्याला होडीतून शेव खायला घालतात. एकाच जातीच्या पक्ष्याला जपानात राजधानीची मानमान्यता आणि आपल्याकडं तळणाचा रतीब. जो तो आपापल्या परीनं पाहुणचार करतो.

इथं मला एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. या चित्रांवर नाव असतं चित्रकाराचं, बहुतेकदा प्रकाशकाचा शिक्काही असतो. पण ज्यानं केसाइतकी रेघ लाकडात उभी ठेवली त्या कोरणाऱ्याचं, आणि ज्यानं दोनशे कागदांवर तीच निळाई तशीच्या तशी उतरवली त्या छापणाऱ्याचं नाव क्वचितच सापडतं. होकुसाईची लाट कोणी कोरली? जगाला माहीत नाही. कारकुनाच्या जातीला ही गोष्ट लागते. नोटेवर सही गव्हर्नरसाहेबांची असते. नाशिकच्या छापखान्यात यंत्रापाशी उभं राहून ती नोट छापणाऱ्याचं नाव कोणी विचारतं का? दिवसभर एकच काम, एकसारखं, न चुकता करणं यात अक्कल लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा दोनशे कागदांवर तेच आकाश छापून दाखवावं. शंभराव्या कागदावर मनगट म्हणतं, 'चालतंय की.' ते चालवून न घेणं म्हणजेच कारागिरी.

हे दुखणं ज्याला चित्रकार असूनही कळलं, तो माणूस म्हणजे हिरोशी योशिदा. आता आपण मनमाड ओलांडलं असं समजा. गाडी आपल्या मुलखाला लागली.

योशिदा जन्मला १८७६ साली. पाश्चात्त्य पद्धतीनं जलरंग आणि तैलरंग शिकला. १८९९ साली, तेविसाव्या वर्षी, एका मित्राला घेऊन तो अमेरिकेला गेला. तिथं चित्रं विकली गेली आणि पोरं मालामाल झाली. पुढं १९२० साली वातानाबे नावाच्या प्रकाशकासाठी त्यानं ठशांची चित्रं करायला घेतली. तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी नवं काही शिकायचं म्हटलं की आमच्या शाखेत पाठदुखीच्या रजा वाढतात. सॉफ्टवेअर बदललं तेव्हा मी ते पाहिलं आहे. हा बाबा मात्र जोमानं लागला. आणि १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियोला तो महाभयंकर भूकंप झाला. लाखावर माणसं गेली, शहर जळालं. वातानाबेचं दुकान खाक झालं, आणि योशिदाच्या सगळ्या फळ्या त्यात गेल्या.

दुसरा असता तर कपाळाला हात लावून बसला असता. हा बायकोला घेऊन पुन्हा अमेरिकेला निघाला. बायको फुजिओ, तीही चित्रकार. तिथं त्याला दिसलं, की लोकांना त्याच्या तैलचित्रांहून ठशांची चित्रं जास्त हवी आहेत, आणि जपानच्या नावावर तिथं हलक्या प्रतीचा मालही खपतो आहे. १९२५ साली परतल्यावर त्यानं स्वतःचीच कार्यशाळा काढली. कोरणारे, छापणारे कारागीर नोकरीला ठेवले. पण आधी कोरणं आणि छापणं दोन्ही स्वतः शिकला. कारागिरांकडून काम करून घ्यायचं तर त्यांच्याहून आपल्याला जास्त यायला हवं, अशी त्याची समजूत होती. या समजुतीचा साहेब मला सेवाकाळात भेटायचा आहे. आपल्या देखरेखीखाली निघालेल्या चित्राच्या समासात तो 'जिझुरी', म्हणजे 'स्वतः छापलेलं', असा शिक्का मारायचा. थोडक्यात, 'सत्यप्रत'!

१९२६ साली त्यानं जपानच्या अंतर्गत समुद्रावरच्या शिडाच्या होड्यांची एक चित्रमाला केली. सहा चित्रं : सकाळ, दुपारपूर्वी, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र. गंमत अशी, की होड्या त्याच, पाणी तेच, आणि फळ्याही त्याच! फक्त रंग बदलले. पिवळट सोनेरी फासला की सकाळ. करडा फासला की धुक्यात मागची होडी विरघळते. गर्द निळा फासला की रात्र, होडीवर दिवा आणि पाण्यात त्याची थरथर. लाकूड एक, वेळा सहा. हाच विषय त्यानं भूकंपाआधीही केला होता आणि त्या फळ्या जळाल्या होत्या. जळालेला समुद्र त्यानं पुन्हा कोरला, आधीपेक्षा मोठा. साध्या चित्राला दहा-वीस छापण्या पुरत. हा तीस-तीस, चाळीस-चाळीस करायचा, आणि १९३७ सालच्या निक्कोच्या एका देवळाच्या दरवाजाच्या चित्राला तर नव्वदहून अधिक. एकच कागद नव्वद वेळा त्या खाचेत टेकवायचा आणि नव्वद वेळा तो जुळायचा. आमच्याकडं रोजची शिल्लक एकदा जुळली तरी चहा मागवतात.

तर असा हा समुद्राचा आणि डोंगरांचा चितारी १९३० च्या नोव्हेंबरात एकोणीस वर्षांच्या तोशी या मुलाला घेऊन हिंदुस्थानच्या प्रवासाला निघाला. १९३१ च्या सुरुवातीपर्यंत हिंडला. बनारसचे घाट, आग्र्याचा ताज, उदेपूरचं तळ्यातलं राजवाड्याचं बेट, अमृतसर, दार्जिलिंग. आणि अजिंठा, वेरूळ! म्हणजे निजामाच्या राज्यातला तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा, ज्यात आमचं जालनंही होतं. परत जाऊन १९३१–३२ मध्ये त्यानं या प्रवासाची चित्रं छापली, त्यांत ही दोन्ही लेणी आहेत. ज्या हातांनी सेतो समुद्रावरची सकाळ छापली, त्याच हातांनी आमच्या मुलखातला काळा दगड छापला. समुद्र आम्हाला मिळाला नाही, पण समुद्र छापणारा मिळाला. वाटपात झालेली ही चूक कुणी दुरुस्त करू नये.

अजिंठ्याला येणारा तो पहिला नकलाकार नव्हे. आणि इथं नकलांचा इतिहास म्हणजे आगींचा इतिहास आहे. १८४४ साली मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आला. डास, ताप, वाघ सगळं सोसून वर्षानुवर्षं त्यानं मोठमोठी तैलचित्रं केली. ती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली, आणि १८६६ च्या डिसेंबरात बहुतेक जळून गेली. मग मुंबईच्या कला महाविद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या हिंदी विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ ते १८८५, तीनेकशे चित्रं. १८८५ मध्ये लंडनलाच साउथ केन्सिंग्टनला आग लागली आणि शंभरावर गेली. १९१७–१८ मध्ये जपानी चित्रकार आराइ कांपो आणि त्याचे सहकारी आले. त्यांनी केलेल्या नकला टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या, आणि १९२३ च्या त्याच भूकंपात, ज्यात योशिदाच्या फळ्या गेल्या, त्याही भस्म झाल्या. विम्याच्या एजंटानं अजिंठ्याची नकल कधी पॉलिसीत घेऊ नये, हा धडा.

आणि मूळ? मूळ भिंतीवर दीड-दोन हजार वर्षं आहे, पण दर पावसाळ्याला थोडं थोडं जातं आहे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला, ते चांगलं केलं. पण वर लाखेचं रोगण दिलं, ते पुढं पिवळं पडलं. मूळ असं हळूहळू विझतं, आणि एकुलती एक नक्कल एकदम पेटते. मग राहतं काय? ग्रिफिथ्सची तैलचित्रं जळाली तरी १८९६–९७ मधला त्याचा छापील ग्रंथ राहिला. मळवलीचा राजा रविवर्मा छापखाना १९७२ साली आगीत गेला. पण त्यानं छापलेली लक्ष्मी गेली का? ती कमळावर उभी राहून अजूनही किराणा दुकानाच्या गल्ल्याकडं बघते आहे. योशिदाच्या पहिल्या फळ्या गेल्या, पण त्यांच्यावरून आधीच निघालेल्या चित्रांपैकी काही परदेशी भिंतींवर सुखरूप राहिली. पुढं तर ब्रिटनच्या युवराज्ञी डायनाच्या दालनातही योशिदाची चित्रं लागली होती.

म्हणून मला नक्कल या शब्दाची हेटाळणी आवडत नाही. 'नक्कलच ती' असं आपण नाक मुरडून म्हणतो, आणि जन्माचा दाखला हरवला की तहसीलच्या दारात नकलेसाठीच उभे राहतो! एकमेव गोष्टीला मान असतो, पण धोकाही तिलाच असतो. ज्या गोष्टीच्या दोनशे प्रती दोनशे घरांत पोचल्या, तिला मारायला दोनशे आगी लागतात. एवढ्या आगी लावायला माणसाला सवड नसते. ठशाचा मोठेपणा हा आहे : तो चित्राला एका भिंतीवरून सोडवतो. अट एकच, दोनशेवी प्रतही पहिलीइतकीच जुळलेली हवी. नाहीतर ती नक्कल नव्हे, नुसती छपाई.

आपल्या नोटांकडंच बघा. एके काळी दहाच्या नोटेमागं शिडाचं गलबत होतं. नंतर विसाच्या तांबूस नोटेमागं अंदमानचा किनारा आला. जालन्याच्या बाजारात मोसंबी विकणाऱ्या बाईच्या बटव्यात रोज समुद्र असायचा, फक्त तिला तो मोडून सुटे घ्यावे लागत. २०१९ मध्ये विसाची हिरवट पिवळी नोट निघाली. तिच्यावरून समुद्र गेला आणि त्या जागी आलं वेरूळ. तिकडं जपाननं हजाराच्या नोटेवर लाट घेतली, इकडं आम्ही विसाच्या नोटेवर कैलासाचा मुलूख घेतला. दोन्ही जागा ज्यानं लाकडाच्या ठशांच्या कलेनं जोडल्या, तो १९५० साली वारला. त्याला या नोटा दाखवायला हव्या होत्या. किंमत विचारली नसती त्यानं. नोट उलटसुलट करून, उजेडात धरून, रंग खाचेत नीट बसलाय का तेवढंच बघितलं असतं.

आता विसाची नोट हातात आली की घडी घालायच्या आधी क्षणभर मागून बघा. ते वेरूळ कुणी तरी कोरलं, कुणी तरी छापलं, आणि त्याचं नाव तुम्हाला कधी कळणार नाही. पण रेघ जागच्या जागी आहे. एवढी एक गोष्ट जुळली, की बाकीच्या हिशेबातला फरक उद्या सकाळी बघता येतो.